ढवळण्याची नोंद

पेपरमध्ये एवढंच छापलंय:
रात्रभर ढवळले.
कुणाची रात्र, ते लिहिलेलं नाही.
बर्फाळ देशातली सोळा तासांची,
की माटुंग्यातली ही,
वॉचमनने जिन्याचे दिवे घालवले की सुरू होणारी
आणि दुधाचे क्रेट आपटले की संपणारी?

पोटॅशियम कार्बोनेट असेटोनात विरघळत नाही.
मानपान राहिलेल्या व्याह्यासारखं
तळाशी फुगून बसतं.
त्याला सारखं उठवावं लागतं.
म्हणून फ्लास्कच्या पोटात ती पांढरी कांडी,
भुईमुगाच्या दाण्याएवढी,
खालच्या चुंबकाच्या इशाऱ्यावर गरगरणारी.

पहिल्यांदा दोन तास ढवळलं.
जांभळ्या दिव्याखाली पट्टी धरली
तर जुना ठिपका जागचा हललेला नाही,
त्याच्यावर एक नवा, पुसट,
टिकली काढल्यावर कपाळावर उरतो तेवढा.

दुसऱ्यांदा सहा तास.
सुयांसारखे पांढरे स्फटिक. एकाहत्तर टक्के.
त्या दिवशी कोयंडेकाकांना मी रसम वडा खिलवला.
टिपणीस मॅडम म्हणाल्या,
पेपरसारखं रात्रभर ठेव की, नव्वद येईल.

रात्री इमारतीतल्या नळाचा दाब पडतो,
कंडेन्सर कोरडा पडतो, असेटोन उडून जातं.
कोयंडेकाकांनी बर्फाची बादली आणली,
तिच्यात घरच्या फिशटँकचा पंप सोडला,
म्हणाले, मासे एक रात्र काढतील.

सकाळी साडेसातला मी दार उघडलं.
पंप चालू. पाणी गार. तापमान छप्पन्न.
सगळं जागच्या जागी
आणि कांडी कडेला रुतलेली, नुसती थरथरत,
तिच्या अंगावर कार्बोनेटचा गठ्ठा.
खाली चुंबक एकटाच फिरत होता.

एकोणचाळीस टक्के.

वहीत लिहिलं: सतरा तास ढवळले.
मग खोडलं. लिहिलं: ढवळले असावे.
मॅडमनी "असावे"खाली लाल रेघ ओढली.
कांडी कधी थांबली?
मी काय सांगणार.
भिंतीवरच्या घड्याळाचे तास सतरा भरले,
फ्लास्कचे कदाचित तीन,
कदाचित मी जिना उतरेपर्यंतच संपलेले.
कोयंडेकाका काच पुसता पुसता म्हणाले,
तिचं तिलाच ठाऊक.

म्हणून चौथ्यांदा मी स्टुलावर बसून राहिले.
डोळ्यांनी पहारा, सतरा तास, खरे सतरा.
कांडी फिरली. एकदाही अडखळली नाही.
पहाटेकडे द्रव चहासारखा होत गेला.
आमच्या इथली दमट हवा, कुठूनतरी शिरलेलं पाणी,
आणि जे जोडलं होतं तेच दुसऱ्या टोकाला तुटायला लागलं.
पट्टीच्या तळाशी एक तिसरा ठिपका,
कुणी न बोलावलेला.
बावन्न टक्के, तेही तांबूस.

आई फोनवर विचारते, जेवलीस का,
आणि मग धाकट्या मावशीच्या संसाराबद्दल सांगते,
शेवटी म्हणते, आपण ढवळाढवळ करू नये.
मी हो म्हणते.
माझा पगार त्याचाच आहे, हे तिला सांगत नाही.

पाचव्यांदा मोठा फ्लास्क घेतला, अंड्याच्या आकाराची कांडी,
कार्बोनेट खलात बारीक कुटून, भट्टीत सुकवून.
दर तासाला पट्टी.
पाचव्या तासाला जुना ठिपका फिका,
सहाव्याला शोधावा लागला,
आणि मी बटण बंद केलं.
भोवरा हळूहळू सपाट झाला,
पांढरं पांढरं खाली बसत गेलं,
वर नितळ.
ते बघत मी थोडा वेळ उभीच राहिले,
त्या वेळेची नोंद केलेली नाही.

त्र्याऐंशी टक्के.

वहीत:
ढवळण्याचा काळ सहा तास दहा मिनिटे.
कांडी पूर्ण वेळ फिरत होती, हे मी स्वतः पाहिले.
अपवाद: चार वीस ते चार पस्तीस.
कोयंडेकाका चहाला घेऊन गेले होते.